खालून धरणारा

१

न बोलावता येऊन काम करून जाणाऱ्याची कथा जवळजवळ प्रत्येक धंद्यात सांगितली जाते. विणकरांच्या रूपांतरात सकाळी मागावर हातभर कापड जास्त निघते. सुतारांच्या रूपांतरात अर्धवट टाकलेले दार रंधा मारून तयार असते. छापखान्यातली मंडळी सांगतात, की न जुळवलेले पान जुळलेले सापडले आणि त्यात एकही चूक नव्हती. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो तो या शेवटच्या तपशिलाने. या साऱ्या कथांत मदतनीस अंधारात येतो, माणसे झोपलेली असताना येतो, आणि ज्याचे काम झाले तो आधी खूश होतो व मग घाबरतो.

इंजिने दुरुस्त करणाऱ्यांतले रूपांतर या तिन्ही बाबतींत वाकड्या वाटेने जाते. येथे मदतनीस भर दुपारी येतो. माणसे जागी असतात, शिवाय दारातच बसलेली असतात. आणि ज्याचे काम झाले त्याला भीती वाटण्याआधी राग येतो, कारण काम त्याच्यापेक्षा चांगले झालेले असते. कथेत माणसे थोडी: एक मिस्त्री, त्याची बायको, तिचा भाऊ, आणि येऊन जाऊन एक गिऱ्हाईक. काही ठिकाणी मेहुण्याच्या जागी साडू सांगतात. परंतु साडू कामाच्या वेळी नाहीसा होणार हे श्रोत्यांनी धरलेलेच असल्याने कथेचा पहिला धक्का फुकट जातो. म्हणून मेहुण्याचे रूपांतरच मूळ मानणे भाग आहे.

२

मिस्त्रीचे गॅरेज म्हणजे एक लांबट खोली. रस्त्याच्या बाजूला लोखंडी शटर, उरलेल्या तिन्ही बाजूंना भिंती. मागे दार नाही. खिडकी एकच, तीही माणसाच्या डोक्याच्या वर. खोलीच्या मधोमध, पुरुषभर खोल आणि अरुंद असा खड्डा होता. गाडी वर उभी करायची आणि आपण शिडीने उतरून तिचे पोट पाहायचे, यासाठी तो बांधून काढलेला. त्या आठवड्यात मात्र खड्ड्यावर गाडी नव्हती. दोन गर्डरांवर बर्फाच्या कारखान्याचे चार सिलिंडरचे इंजिन ठेवलेले होते. वरचे झाकण काढलेले, खालची तेलाची टाकी काढलेली. म्हणजे डोके नाही आणि पोटही नाही.

बर्फवाला रोज सकाळी येऊन दारात उभा राही.

"मिस्त्री, माझा माल उभ्या उभ्या पाणी होतोय."

"शुक्रवारी देतो म्हटलं ना."

"शुक्रवारपर्यंत मी पाण्याचा कारखानदार होईन."

पण बर्फवाल्याचे बर्फ ही मिस्त्रीची खरी चिंता नव्हती. खरी चिंता घरात होती. मिस्त्रीणबाईचे, आणि मोहल्ल्यात तिला याच नावाने ओळखत, असे ठाम मत झाले होते की नवऱ्याचे डोके आता कामातून गेले. पुरावा तिच्याकडे तोंडपाठ होता. तो शेजाऱ्याची छत्री घेऊन आला आणि आपली तिथे ठेवून आला, इथवर ठीक. पण पुढच्या आठवड्यात तो ती बदलून आणायला गेला आणि तिसऱ्याच घरची छत्री घेऊन परतला. एका घरी समाचाराला गेला असता त्याने यजमानांचे अभिनंदन केले. आणि दोन महिन्यांपूर्वी एका ट्रकच्या इंजिनात त्याचे हात पुसायचे फडके राहिले. ट्रकवाला सज्जन होता. त्याने ते फडके धुऊन, घडी करून परत आणून दिले. मिस्त्रीणबाईला ती घडी पाहवली नाही.

"उद्या कुणाचा ब्रेक राहील," ती म्हणाली. "फडकं होतं म्हणून हसलो. आता एक चूक झाली की गॅरेजची किल्ली माझ्या हातात."

हे ती रागाने म्हणाली असती तर मिस्त्रीने मनावर घेतले नसते. पण ती भाजी निवडता निवडता, खाली मान घालून म्हणाली. तेव्हा मिस्त्रीने मुकाट्याने मान हलवली. चाळीस वर्षे ज्या खोलीत गेली ती खोली आता एका चुकीवर टांगली होती.

मेहुण्याने दुसऱ्याच दिवशी भिंती वितीने मोजल्या.

"काय रे?"

"काही नाही, भाऊजी. गाद्यांच्या दुकानाला जागा फार छान आहे. कोरडी आहे."

३

पिस्टन बसवण्याचे काम एकट्याचे नव्हे, आणि ही कथा त्या एका रीतीवर उभी आहे. एकजण वर असतो. तो पिस्टनच्या रिंगा पट्टा आवळून दाबतो, पिस्टन सिलिंडरच्या तोंडावर धरतो आणि हातोडीच्या लाकडी दांड्याने खाली ढकलतो. पिस्टनला लोंबणारा लोखंडी रॉड खाली उतरतो. दुसरा माणूस खालून, खड्ड्यात उभा राहून, तो रॉड हातात घेतो, क्रँकवर, म्हणजे इंजिनाच्या पोटातल्या फिरत्या आसावर, नेमका बसवतो, त्याला जखडणारी टोपी चढवतो, बोल्ट आवळतो, आणि काम झाले की लोखंडावर दोनदा ठोकतो. मिस्त्रीच्या गॅरेजात या वेळी तोंडाने बोलायची पद्धत नव्हती. खालचा माणूस बोलू लागला की वरचा वाकतो, वाकला की दांडा हलतो, आणि दांडा हलला की रिंग मोडते. म्हणून दोन ठोके. दोन ठोके आले, पुढचा पिस्टन घ्यायचा.

वरचा माणूस खाली पाहत नाही. त्याला दिसत नाहीच. मध्ये इंजिन असते.

गुरुवारी सकाळी मिस्त्रीने चारही नवे पिस्टन पारखून घेतले. त्याची परीक्षा अशी होती: रिंगा न चढवता, तेल लावून पिस्टन सिलिंडरात सोडायचा. तो आपल्या वजनाने, माणसाच्या एका सावकाश श्वासात खाली गेला पाहिजे. श्वासाआधी गेला तर सैल, मध्येच थांबला तर घट्ट. चारही पिस्टन एकेका श्वासात उतरले. जुने चार, झिजलेले आणि जळून डोक्याला काळे पडलेले, पत्र्याच्या ट्रेमध्ये बाजूला ठेवलेले होते.

दुपारी बाराच्या सुमारास बसवायला सुरुवात झाली. मेहुणा शिडीने खड्ड्यात उतरला. त्याच्या देहयष्टीमुळे हा सोहळा काही काळ चाले.

पहिला पिस्टन गेला. बराच वेळ खालून धापा ऐकू आल्या, एक बोल्ट पडल्याचा आवाज आला, तो शोधल्याचा आवाज आला, आणि अखेर ठक्, ठक्.

दुसराही तसाच.

मिस्त्रीने तिसऱ्याला तेल चोळले, त्याच्या डोक्यावर कोरलेला बाण पुढच्या बाजूला आहे हे पाहिले, पट्टा आवळला आणि दांड्याने दाबले. पिस्टन गेला. खाली रॉड कुणीतरी हातात घेतल्याचे त्याला दांड्यातून कळले. वजन एकदम हलके झाले, जसे जिन्यावरून कपाट उतरवताना खालच्याने नीट पेलले की होते. धापा नाहीत. बोल्ट पडला नाही. चार श्वास जातात न जातात तोच ठक्, ठक्. नेटके, एकसारख्या अंतराचे.

"वा," मिस्त्री म्हणाला, कारण कौतुकाला रीत आड येत नाही. "आज जमलं तुला. असंच करत जा."

"काय करत जाऊ?" मेहुणा म्हणाला.

तो शटरपाशी उभा होता. दोन्ही हातांत चहाचे पेले होते आणि दोन्हींतून वाफ येत होती.

४

मनुष्य कोणत्याही अनाकलनीय घटनेचे कारण प्रथम जवळच्या नातेवाइकात शोधतो. मिस्त्रीनेही तेच केले.

"तू वर कधी आलास?"

"दुसरा बसल्यावर. ओरडून सांगितलं की तुम्हाला, चहा आणतो म्हणून. तुम्ही 'हं' म्हणालात."

"मग तिसरा कुणी धरला?"

"तिसरा बसवलात? एकट्यानं?" मेहुण्याने पेले खाली ठेवले आणि खड्ड्यात डोकावला. "छान बसवलाय की. टोपीपण चढवलीय. मग मला कशाला उतरवता, भाऊजी? माझे गुडघे दुखतात."

मिस्त्रीने वाकून पाहिले. खड्डा रिकामा होता. भिंतीवरच्या खिळ्याला फडके, तळाशी पाना, कोपऱ्यात तेलाचे डबके. तिसरा रॉड क्रँकवर बसलेला होता.

मेहुणा खोटे बोलत असेल, हा विचार त्याने करून पाहिला आणि सोडून दिला. मेहुण्याने आयुष्यात न सांगता केलेले एकही काम त्याला आठवेना. सांगून केलेली आठवायलाही प्रयास पडत होते. आपणच खाली उतरून धरला असेल, हा दुसरा विचार. वर दांडा दाबत असताना खाली उतरायचे म्हणजे दोन माणसे व्हावे लागते. आणि समजा, आधी दाबला, मग उतरलो, मग वर आलो, आणि हे सारे विसरलो? हा तिसरा विचार होता. तो मिस्त्रीने पुरता होऊ दिला नाही.

दोघांनी उंबऱ्यावर बसून, खोलीकडे पाठ करून चहा घेतला. दहा मिनिटे. आत कोणी गेले असते तर दोघांच्या मधून गेले असते, आणि मेहुणा बसल्यावर उंबऱ्यावर मांजरालाही जागा राहत नसे.

चहाच्या दुसऱ्या घोटाला मेहुण्याने विचारले, "आत कुणी हात पुसतंय का?"

"नाही."

"मला वाटलं फडक्याचा आवाज आला."

"फडक्याला कसला आवाज असतो? पी चहा."

आत जाऊन पाहतात तो चौथा सिलिंडर भरलेला होता.

ज्या श्रोत्यांनी इंजिन आतून पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगणारा येथे थांबतो आणि हाताने आकार करून दाखवतो. एका रांगेत चार गोल भोके. पहिल्या तीन भोकांतून नव्या पिस्टनांची चकचकीत तोंडे वर पाहत होती. चौथ्यातून एक काळे तोंड वर पाहत होते. जुना पिस्टन होता. नवा टेबलावर, कापडावर, जसा ठेवला तसाच पडून होता. ट्रेमध्ये जुने तीनच राहिले होते.

झिजलेला पिस्टन नव्याने घासून काढलेल्या सिलिंडरात टाकणे ही शिकाऊ माणसाची चूक, किंवा डोके कामातून गेलेल्या माणसाची. मिस्त्रीने फिलर गेज घेतला. हा पात्यांचा जुडगा असतो. कागदाहून पातळ अशी पोलादी पाती. पिस्टन आणि भिंत यांच्या फटीत ती घालून फट किती ते पाहतात. झिजलेल्या पिस्टनच्या भोवती जाड पाते खुशाल फिरायला हवे होते.

ते शिरलेच नाही. त्याने योग्य तेच पाते घेतले. ते शिरले, आणि जितके अडखळायला हवे तितकेच अडखळत, पूर्ण वर्तुळ फिरून आले.

मग त्याने स्वतः बसवलेले तीन तपासले. बरोबर होते. एका ठिकाणी केसभर सैल, एका ठिकाणी केसभर घट्ट, पण बरोबर. चाळीस वर्षांत त्याने याहून चांगले काम पाहिले नव्हते. आता पाहिले होते.

"कोण का असेना, हात बरा आहे," तो नाइलाजाने म्हणाला, आणि लगेच त्याला भयंकर राग आला. भुताने यावे, घाबरवावे, जावे. हे दुसऱ्याच्या गॅरेजात येऊन दुसऱ्याच्या गेजाने काम करणे म्हणजे काय?

मेहुणा वाकून पाहत होता. "भाऊजी, हा अंगठा तुमचा?"

पिस्टनच्या काळ्या तोंडावर तेलाचा अंगठा उमटला होता. रुंद, सपाट. त्यात एकही रेष नव्हती.

५

याच वेळी मिस्त्रीणबाई डबा घेऊन आली. तिने शटरमधूनच ट्रे पाहिला. गृहिणीची नजर भांड्यांच्या संख्येवर आधी जाते.

"जुने चार होते. तीन कसे?"

तिने डबा ठेवला, इंजिनापाशी आली आणि चौथ्या भोकात पाहिले.

"हा जुना आहे ना?"

"हो, पण तो नव्यासारखा बसलाय. हे बघ, पातं बघ. या झिजेच्या पिस्टनला हे पातं..."

"पातं जातं की नाही ते मला काय कळतंय? जुना आहे की नाही, एवढं सांगा."

"जुना आहे."

"झालं तर."

"अगं, पण मी नाही बसवला."

"मग तू बसवलास?" तिने भावाला विचारले.

"ताई, मला बसवता येतो का?" मेहुणा अत्यंत प्रामाणिकपणे म्हणाला.

"अगं, तिसराच कुणीतरी आहे," मिस्त्री म्हणाला. "हा अंगठा बघ. रेषा नाहीत. माणसाच्या अंगठ्याला रेषा असतात."

मिस्त्रीणबाईने नवऱ्याचा उजवा हात धरला, उलटा केला आणि उजेडात नेला. चाळीस वर्षे तेल, वाळूकागद आणि पोलाद यांनी घासलेल्या त्या अंगठ्यावर काहीही नव्हते. तो बशीसारखा गुळगुळीत होता.

"तुमच्या तरी कुठे आहेत?" ती हळूच म्हणाली, आणि हात सोडेना.

या कथेच्या केंद्रस्थानी असलेली अडचण येथे उघडी होते. इतर कथांतली माणसे प्रार्थना करतात की ते भूत नसावे. मिस्त्री प्रार्थना करत होता की असावे. भूत असेल तर गॅरेज राहणार होते. भूत नसेल, तर त्याने बायकोसमोर उभे राहून, भर दुपारी, झिजलेला पिस्टन बसवला होता आणि त्याला त्यातले काहीच आठवत नव्हते.

"मी दाखवतो," तो म्हणाला. "तुम्ही दोघं माझ्यासमोर बसा. खड्ड्यात कुणी नाही. मी वरून पिस्टन सोडतो. खालून ठोके आले तर काय म्हणशील?"

"आले तर तुमचं खरं. आणि नाही आले तर?"

मिस्त्रीने खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली.

"ही जागा कोरडी आहे," मेहुणा भिंतीकडे पाहत पुटपुटला.

६

चौथा सिलिंडर आधी रिकामा करायला हवा होता. त्यासाठी खाली उतरायला हवे होते. मेहुण्याचे गुडघे अचानक फार दुखू लागले, तेव्हा मिस्त्री स्वतः उतरला.

खाली वरच्यापेक्षा गार असायला हवे. गार नव्हते. एखाद्या खोलीतून कुणी नुकतेच उठून गेले असावे तसे तिथे वाटत होते. खिळ्यावरचे फडके त्याने सवयीने ओढले. ते ओलसर होते आणि कोमट होते. त्याने ते परत टांगले. मग डोक्यावरच्या चौथ्या रॉडचे बोल्ट सैल करायला घेतले. ते हवे तितकेच आवळलेले होते. पाना फिरवताना त्याची पाठ खड्ड्याच्या आतल्या टोकाकडे होती, आणि त्या टोकाकडून, अगदी त्याच्या कोपराच्या उंचीवर, कापडावर हात पुसल्याचा आवाज आला. सावकाश. आधी एक हात, मग दुसरा.

मिस्त्रीने स्वतःला समजावले की ही आपलीच बाही घासते आहे. त्याने बाही बघितली. त्या दिवशी त्याने अर्ध्या बाह्यांचा शर्ट घातला होता.

त्याने वळून पाहिले नाही. यावर सर्व रूपांतरांचे एकमत आहे. काही सांगणारे यास धैर्य म्हणतात. त्याने टोपी काढली, काळा पिस्टन वर ढकलला, मेहुण्याने तो वरून ओढून घेतला, आणि मिस्त्री आपल्या वयाला न शोभणाऱ्या वेगाने शिडी चढून आला.

वर येऊन त्याने काळ्या पिस्टनच्या रिंगा काढल्या, तेल लावले, आणि बायकोला म्हणाला, "आता बघ. एका श्वासात उतरेल. झिजलेला असून."

त्याने सोडला. पिस्टन माठात दगड पडावा तसा खडाड् करून गेला.

"हा झिजलेलाच आहे," मेहुणा म्हणाला.

"मगाशी नव्हता," मिस्त्री म्हणाला, आणि आपण काय बोललो ते त्याचे त्यालाच ऐकू आले.

प्रयोग व्हायचा होता तो झाला. बायको आणि मेहुणा बाकावर बसले, चारही हात मांडीवर, दिसतील असे. मिस्त्रीने काळा पिस्टन बाहेर काढून नवा चौथ्या सिलिंडरावर धरला, पट्टा आवळला, दांड्याने दाबला. पिस्टन आत गेला. खाली रॉड अधांतरी लोंबत राहिला. ते वजन दांड्यातून त्याला कळत होते. तो थांबला. रस्त्यावरून एक हातगाडी गेली. खिडकीतल्या उन्हाचा चौकोन बोटभर सरकला. मेहुण्याला शिंक आली, ती त्याने दाबली.

"आहेस का रे?" मिस्त्री शेवटी, फार अवघडून, इंजिनाला म्हणाला.

काही नाही.

"ठोक की दोनदा. मगाशी ठोकलंस ना?"

मिस्त्रीणबाईच्या डोळ्यांत पाणी आले. तिने ते लपवले नाही. "पुरे आता," ती म्हणाली, उठली, आणि टेबलावरची किल्ली घेतली.

बहुतेक रूपांतरे येथे संपतात. त्यांत मिस्त्री घरी बसतो, मेहुणा गाद्या विकतो, आणि श्रोत्यांनी त्यातून काय घ्यायचे ते घ्यावे. इंजिनवाल्यांना मात्र हा शेवट मान्य नाही, आणि त्यांचे कारण तांत्रिक आहे: पिस्टन अर्धवट लोंबत ठेवून कोणीही घरी जात नाही.

७

"एवढं बर्फवाल्याचं उरकून देतो," मिस्त्री म्हणाला. त्याचा आवाज एखाद्या पाहुण्यासारखा झाला होता. "एकच रॉड धरायचा आहे. धरतोस का रे?"

"भाऊजी, खोटं कशाला बोलू. मला भीती वाटतेय."

"कसली? तुझी ताई म्हणते तिथं कुणी नाही."

"ताई म्हणते ते बरोबरच असेल. पण ताईनं फडक्याचा आवाज ऐकला नाही."

मिस्त्रीणबाईने दोघांकडे पाहिले, जसे ती घरात सांडलेल्या दुधाकडे पाहत असे. किल्ली कमरेला खोचली. "काय करायचं असतं सांगा."

मिस्त्रीने सांगितले. रॉड खाली आला की दोन्ही हातांनी धरायचा, क्रँकवर बसवायचा, टोपी चढवायची, दोन बोल्ट, मग दोनदा ठोकायचे. खाली सगळे तेलाने माखलेले आहे, कपडे सांभाळ.

ती उतरली. शिडीच्या पायऱ्या वाजल्या, मग तिचा आवाज आला: "हं. सोडा." मग, रीत तिला माहीत असल्यामुळे, ती गप्प झाली.

मिस्त्रीने दांडा दाबला. खाली कुणीतरी रॉड हातात घेतला. वजन हलके झाले. धापा नाहीत, धडपड नाही. चार श्वास, आणि ठक्, ठक्. नेटके, एकसारख्या अंतराचे.

मेहुणा बाकावरून उठून उभा राहिला.

"छान धरलंस," मिस्त्री म्हणाला. शिडी वाजू लागली. खूप सावकाश, एकेका पायरीवर थांबत, मिस्त्रीणबाई वर आली आणि उजेडात उभी राहिली.

तिने दोन्ही हात पुढे केले. तळवे वर. ते स्वच्छ होते. नखांत सकाळची हळद तेवढी होती.

"मी नाही ठोकलं," ती म्हणाली.

"मग रॉड?"

"रॉड आला. मी हात वर केला. तेवढ्यात मला बाजूला सारलं. दंडाला धरून, हळूच. स्वयंपाकघरात तुम्ही मध्ये मध्ये आलात की मी सारते ना, तसं."

"कुणी?"

"मला पाठ दिसली," मिस्त्रीणबाई म्हणाली. "वाकलेली होती. बोल्ट आवळत होती. तिथं तेवढी जागा नाही हो. भिंत आहे तिथं."

मिस्त्रीने पहार घेऊन क्रँकच्या टोकात अडकवली आणि फिरवली. चारही पिस्टन सुरळीत हलले. दोन वर, दोन खाली. मग दोन खाली, दोन वर. चौथा सगळ्यांत हलका चालत होता.

मिस्त्रीणबाईने कमरेची किल्ली काढून नवऱ्यापुढे धरली. "घ्या. तुमचं डोकं ठीक आहे. तुम्ही काही विसरत नाही."

मिस्त्री किल्ली घेईना. "विसरत असेन गं. छत्री विसरलोच की."

"छत्रीचं काय, कुणीही विसरतं."

"फडकं राहिलं होतं. ट्रकमध्ये. ते मीच ठेवलं होतं."

"एकदा राहतं फडकं."

"आणि आत्ता, खाली... तूच धरला असशील. धरून विसरली असशील. आपण दोघंही विसरत असू. वय होतं माणसाचं." तो जवळजवळ गयावया करत होता. "आपण गाद्यांचं दुकान काढू."

मेहुणा म्हणाला, "मला जागा नको. ओल आहे इथं."

तिने किल्ली त्याच्या शर्टाच्या खिशात घातली आणि वरून थोपटली. "शब्द दिला होता. ठोके आले तर तुमचं खरं. आले. इंजिन उद्या देऊन टाका. आणि आता तो खड्डा झाका आधी."

तिघांनी छताच्या कप्पीच्या साखळीला लावून इंजिन उचलले आणि बाजूला घेतले. खड्डा उघडा पडला. त्यात कोणी पाहिले नाही. मागच्या भिंतीला लावलेल्या जाड फळ्या त्यांनी एकेक करून आणल्या आणि खड्ड्यावर आडव्या टाकल्या. मिस्त्री एका काठावर, मेहुणा समोरच्या, मिस्त्रीणबाई हातभार लावायला मध्ये. सात फळ्या बसल्या. आठवी, शेवटची, उचलली असता फटीतून काहीतरी पुसल्याचा आवाज आला आणि मेहुण्याने हात सोडले. तो शटरबाहेर गेला. मिस्त्रीणबाई त्याला हाक मारायला वळली.

फळीचे समोरचे टोक सुटले आणि खड्ड्यात कलले. एकट्या मिस्त्रीला ते पेलणारे नव्हते. फळी त्याच्या हातांतून सरकू लागली. मग ती सरकायची थांबली. वजन हलके झाले. समोरचे टोक खालून सावकाश वर उचलले गेले, काठाशी आले, जरा मागे घेतले गेले, पुन्हा पुढे आले, आणि फळी दोन्ही बाजूंना सारखी फट ठेवून आपल्या जागी बसली.